डोळ्यातली गाठ आणि रक्तातला माग



१८६९ हे साल आपल्या शाळांतल्या मुलांना तोंडपाठ असते. त्या साली पोरबंदरला महात्मा गांधींचा जन्म झाला. जरा अधिक वाचणारा विद्यार्थी असला, तर सुएझचा कालवाही त्याच साली खुला झाला, हे तो सांगेल. मी इतिहास शिकवणारा माणूस. सनावळ्यांशी माझा रोजचा संबंध. त्यामुळे एखादे साल हाती आले, की त्या साली आणखी कुठे काय चालले होते हे पाहण्याची खोड मला लागली आहे. या १८६९ सालाच्या पोटात अशा तीन गोष्टी सापडतात, की त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे त्या वेळी कुणाच्या स्वप्नातही आले नसते.

पहिली गोष्ट बर्लिनमधली. युलियुस हिर्शबर्ग नावाच्या तरुण नेत्रवैद्याने लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या एका गाठीवर पुस्तक प्रसिद्ध केले. दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरातली. ॲशवर्थ नावाच्या डॉक्टराने कर्करोगाने मेलेल्या एका माणसाच्या पायातल्या शिरेचे रक्त सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरून पाहिले. आणि तिसरी गोष्ट जर्मनीतल्या ट्यूबिंगेन गावची. तिथल्या जुन्या किल्ल्याच्या मुदपाकखान्यात प्रयोगशाळा थाटलेली होती. तिथे फ्रीड्रिश मीशर हा स्वित्झर्लंडचा तरुण, इस्पितळातून आणलेल्या पुवाने भरलेल्या पट्ट्या धूत बसला होता. वास काय येत असेल, त्याची कल्पना तुम्हीच करा!

आज जगातल्या काही प्रयोगशाळांत डोळ्याच्या कर्करोगाची खूण रक्तात शोधण्याचे काम चालू आहे. रक्तातून वाहणारा आर.एन.ए. नावाचा एक अतिसूक्ष्म पदार्थ ही ती खूण. वर सांगितलेले तिन्ही धागे या कामात एकत्र विणले गेले आहेत. ते कसे, हे आज सांगायचे आहे.

आधी हिर्शबर्गची गाठ पाहू. कॅमेऱ्यात जशी मागच्या बाजूला फिल्म असे, तसा डोळ्याच्या आत मागच्या भिंतीवर एक नाजूक पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना क्वचित या पडद्याचा कर्करोग होतो. १९२६ साली अमेरिकेतल्या नेत्रवैद्यांच्या संस्थेने त्याचे रेटिनोब्लास्टोमा हे नाव पक्के केले. रोग मात्र जुना आहे. १५९७ साली हॉलंडमधल्या लायडन येथील पाऊ नावाच्या वैद्याने तीन वर्षांच्या एका मुलाची अशी गाठ पाहून वर्णन लिहून ठेवले. गाठीतला पदार्थ मेंदूसारखा मऊ होता, आणि त्यात घट्ट रक्त व ठेचलेल्या दगडासारखे काहीतरी मिसळलेले होते, असे तो म्हणतो. त्याने पाहिलेला तो दगड म्हणजे गाठीत साचलेला चुना. आजही डॉक्टर यंत्राने डोळ्याचे चित्र घेतात, तेव्हा हा चुना दिसतो का, हे आवर्जून बघतात.

पुढे १८०९ साली एडिंबरोच्या जेम्स वॉर्ड्रॉपने अनेक रोग्यांच्या हकिकती गोळा केल्या, डोळे चिरून पाहिले, आणि ही गाठ दृष्टिपटलातूनच निघते असे दाखवून दिले. गाठ डोळ्याबाहेर पडण्याआधी सबंध डोळा काढून टाकावा, तरच मूल वाचेल, असे त्याने सुचवले. भूल देण्याची कला यायला अजून सदतीस वर्षे अवकाश होता, हे लक्षात घ्या. शुद्धीवर असलेल्या मुलाचा डोळा काढायचा! लोकांना हा उपाय रोगापेक्षा भयंकर वाटला, यात नवल नाही.

शिवाय रोग ओळखायचा कसा? जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत पाहण्याचे साधनच नव्हते. ते हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने शोधले आणि १८५१ साली जाहीर केले. आरशाने उजेड बाहुलीतून आत टाकायचा आणि त्याच वाटेने परत येणाऱ्या उजेडात आतला पडदा पाहायचा, अशी ती युक्ती. एवढे होऊनही १८६९ साली हिर्शबर्गने हिशेब मांडला, तेव्हा शंभर मुलांत जेमतेम पाच जगत होती. १८९७ साली व्हिएन्नाच्या विंटरश्टायनरने दिलेला आकडा सतरा आहे. १९१६ साली लेबरने दिलेला आकडा सत्तावन्न. हा फरक कशाने पडला? औषध तर तेव्हा कोणतेच नव्हते. रोग लवकर ओळखू लागला आणि डोळा वेळेवर, मागच्या मज्जातंतूच्या लांब तुकड्यासह काढला जाऊ लागला, एवढेच. (हाच हिर्शबर्ग पुढे नेत्रवैद्यकाचा अनेक खंडांचा इतिहास लिहून गेला, म्हणून आम्हा इतिहासवाल्यांना तो अधिक जवळचा.)

आता एक अडचण नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढची सगळी कथा तिच्यावर उभी आहे. अंगावर कुठेही गाठ आली, तर डॉक्टर सुई घालून तिचा कण काढतात आणि तपासतात. ही गाठ कसली, किती घातकी, हे त्यावरून कळते. पण मुलाच्या डोळ्यातल्या या गाठीत सुई घालणे निषिद्ध मानतात. सुईच्या वाटेने गाठीच्या पेशी डोळ्याबाहेर सांडण्याची भीती असते, आणि एकदा त्या बाहेर पडल्या की प्रश्न डोळ्याचा राहत नाही, जिवाचा होतो. बंद कणगीत काय आहे ते कळावे म्हणून तिला भोक पाडायचे आणि सगळे धान्य भुईवर सांडायचे, तसला प्रकार. म्हणून या रोगात डॉक्टराला शतकानुशतके फक्त बाहेरून पाहूनच निर्णय घ्यावा लागला. गाठीला हात न लावता तिची ओळख पटवता येईल का, हा प्रश्न डोळ्याच्या बाबतीत जितका निकडीचा आहे, तितका शरीरात इतर ठिकाणी क्वचितच असेल.

इथे मेलबर्नचा धागा येतो. ॲशवर्थला त्या मृत माणसाच्या रक्तात ज्या पेशी दिसल्या, त्या हुबेहूब त्याच्या अंगावरच्या गाठींतल्या पेशींसारख्या होत्या. म्हणजे गाठ एका जागी बसून राहत नाही. ती रक्तात आपली माणसे सोडते. एकाच शरीरात अनेक गाठी कशा होतात, याचे उत्तर इथे असावे, असा तर्क त्याने मांडला. पुढे लंडनच्या स्टीफन पॅजेटने १८८९ साली त्याला शेतकऱ्याला सहज पटेल अशी उपमा दिली. रोपाचे बी वाऱ्याबरोबर चहूकडे जाते, पण उगवते ते मानवणाऱ्या जमिनीतच. कर्करोगाच्या पेशींचेही तसेच, असे तो म्हणाला. गंमत अशी, की या विचाराचे काही श्रेय त्याने व्हिएन्नाच्या एर्न्स्ट फुक्स यांना दिले आहे, आणि हे फुक्स होते नेत्रवैद्य! १८८२ साली त्यांनी डोळ्याच्या दुसऱ्या एका कर्करोगावर ग्रंथ लिहिला होता.

हा दुसरा कर्करोग मोठ्या माणसांचा. दृष्टिपटलाच्या मागे रक्तवाहिन्यांनी भरलेला एक काळपट थर असतो. त्यातल्या रंग तयार करणाऱ्या पेशींत तो होतो. गोऱ्या कातडीच्या लोकांत तो अधिक आढळतो, आपल्याकडे कमी. पायाला जखम झाली, की जांघेत अवधाण येते, हे आपण जाणतो. पण डोळ्याच्या आत अवधाणाकडे नेणाऱ्या वाहिन्या नाहीत. तेव्हा गाठीच्या पेशींना बाहेर जायचे तर रस्ता उरतो एकच, रक्ताचा. या रोगाच्या जवळजवळ निम्म्या रोग्यांत पुढे कधीतरी, काही वेळा दहा-पंधरा वर्षांनीसुद्धा, तो दुसरीकडे उगवतो. आणि त्याची मानवणारी जमीन म्हणजे बहुतेक वेळा यकृत.

अमेरिका आणि कॅनडातल्या डॉक्टरांनी या रोगाच्या १३१७ रोग्यांचे दोन गट पाडले. एका गटाचा डोळा काढला. दुसऱ्या गटाचा डोळा ठेवून गाठीवर किरणोत्सर्गी चकती बसवली. २००१ साली निकाल जाहीर झाला. पाच वर्षांत पहिल्या गटातले शेकडा १९ रोगी मरण पावले होते, दुसऱ्यातले शेकडा १८. डोळा काढा वा ठेवा, फरक पडला नाही! याचा अर्थ अनेकांनी असा लावला, की ज्यांच्या बाबतीत बी पडायचे होते, ते उपचारापूर्वीच रक्तात पडून गेले होते. मग ते पडले आहे की नाही, हे रक्तालाच विचारले पाहिजे.

पण विचारायचे कोणत्या भाषेत? इथे ट्यूबिंगेनच्या त्या पट्ट्या उपयोगी पडतात. मीशरला पुवाच्या पेशींच्या गाभ्यातून एक निराळाच पदार्थ मिळाला. गाभ्याला लॅटिनमध्ये जो शब्द आहे, त्यावरून त्याने त्याचे नाव न्यूक्लिन ठेवले. पुढच्या पिढ्यांनी या जातीच्या पदार्थांचे दोन प्रकार वेगळे केले: डी.एन.ए. आणि आर.एन.ए.

हे दोन शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही. तलाठ्याच्या चावडीची आठवण करा. गावच्या जमिनीची मूळ नोंद दप्तरात असते. ते दप्तर कुणाला घरी नेऊ देत नाहीत. कर्ज काढायचे असले, खटला असला, की आपण लागेल तेवढ्याच गटाचा उतारा घेतो. डी.एन.ए. हे पेशीतले दप्तर आणि आर.एन.ए. हा कामापुरता काढलेला उतारा. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत दप्तर तेच असते; डोळ्याच्या पेशीतही तेच आणि यकृताच्या पेशीतही तेच. उतारे मात्र निराळे निघतात. म्हणून दप्तर पाहून पेशी कुठली ते कळत नाही, उतारे पाहून कळते. सध्या तिथे काय चालले आहे, हेही कळते. उतारा ही भानगडीची फार चांगली खबर असते, हे गावात राहणाऱ्यांना मी काय सांगावे?

१९४८ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे मांडेल आणि मेते या दोघांनी माणसाच्या रक्तरसात, म्हणजे पेशी वगळून उरलेल्या पातळ भागात, हे दोन्ही पदार्थ असतात असे दाखवले. डी.एन.ए.ची सुप्रसिद्ध दुहेरी सर्पिल रचना कळायला अजून पाच वर्षे होती. या शोधाकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. आमच्या इतिहासात असे पुष्कळदा होते. कागद दप्तरात पडून असतो. त्याला विचारायचा प्रश्न मात्र जन्माला आलेला नसतो.

नंतरच्या चाळीस वर्षांत दोन हत्यारे हाती आली. उताऱ्यावरून उलट मूळ नोंद लिहून काढणारा एक पाचकद्रव १९७० साली सापडला, आणि १९८० नंतर एका नोंदीच्या लाखो प्रती काढण्याची युक्ती साधली. ही दोन्ही वापरून १९९१ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी कातडीच्या काळ्या कर्करोगाच्या रोग्यांचे रक्त तपासले. काळा रंग तयार करण्याच्या कामाचा उतारा रक्तात एरवी सापडण्याचे कारण नाही. तो त्यांना सापडला. म्हणजे रंगाची पेशी रक्तात हिंडत होती. १९९३ साली लंडनमध्ये हाच प्रयोग डोळ्याच्या काळ्या कर्करोगाच्या रोग्यांवर झाला, आणि त्यांतल्या काहींच्या रक्तात तो उतारा मिळाला. ॲशवर्थने डोळ्यांनी पाहिले होते ते आता उताऱ्यावरून वाचले गेले.

आता तुम्ही म्हणाल, मग काम झालेच की! तसे झाले नाही. एका प्रयोगशाळेला उतारा मिळे, दुसरीला मिळत नसे. रोग पसरलेल्या माणसातही कधी काहीच दिसत नसे. पेशी रक्तात सारख्या हिंडत नसतात. सुई टोचली त्या वेळी ती तिथून जात असली तर सापडायची. शिवाय पेशीबाहेर पडलेला सुटा आर.एन.ए. रक्तात टिकेल, यावर कुणाचा विश्वास नव्हता. रक्तात त्याला खाणारे पाचकद्रव भरपूर असतात. उघड्या कागदाला वाळवी लागावी तशी त्याची गत. तरीही १९९९ साली अमेरिकेत आणि हाँगकाँगमध्ये, वेगवेगळ्या कर्करोगांच्या रोग्यांत, पेशी वगळलेल्या रक्तद्रवातच गाठीचा आर.एन.ए. मिळाला. वाळवीतून हा कागद वाचला कसा? २००७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी उलगडा केला. पेशी आपले उतारे स्निग्ध आवरणाच्या इवल्याशा पाकिटांत घालून बाहेर धाडतात. पाकीट बंद असले, की वाळवीचे काही चालत नाही.

या पाकिटांत आणखी एक चीज निघाली. अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन हे दोघे मिलिमीटरभर लांबीच्या एका जंतावर काम करीत होते. १९९३ साली त्यांना जेमतेम बावीस अक्षरांच्या आर.एन.ए.चा पत्ता लागला. हा स्वतः उतारा नव्हे. ‘अमुक उतारा रद्द समजावा’ अशी ती चिठ्ठी! त्याला मायक्रो-आर.एन.ए. म्हणतात. जंतातली भानगड म्हणून लोकांनी ती काही वर्षे बाजूला ठेवली. नंतर माणसातही अशा शेकडो चिठ्ठ्या निघाल्या, आणि २०२४ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे साल २००८ आहे. त्या साली सिॲटलच्या संशोधकांनी रक्तरस दिवसभर नुसता बाहेर ठेवला, पुन्हा पुन्हा गोठवला, वितळवला. चिठ्ठ्या शाबूत राहिल्या.

मग डोळ्याकडे लोक वळले. २०१३ साली चेन्नईत, शंकर नेत्रालयाशी संलग्न असलेल्या संशोधन संस्थेतल्या मंडळींनी दृष्टिपटलाचा कर्करोग बळावलेल्या मुलांचे रक्त त्याच वयाच्या निरोगी मुलांच्या रक्ताशी ताडून पाहिले. काही चिठ्ठ्या वाढलेल्या दिसल्या, काही घटलेल्या. वाढलेल्यांत अशाही काही होत्या, ज्या खुद्द गाठीत वाढलेल्या असतात. २०१५ साली इटलीतल्या कॅटानिया येथे मोठ्या माणसांच्या काळ्या कर्करोगात डोळ्याच्या आतल्या द्रवात वाढलेली एक चिठ्ठी रक्तातही वाढलेली आढळली. डोळ्यातली खबर रक्तात पोचते, एवढे यातून दिसते.

परंतु खबर पोचणे निराळे आणि तिच्यावरून न्याय करणे निराळे. अशा तपासण्या आजवर थोड्याथोड्या रोग्यांवर झाल्या आहेत आणि प्रत्येक प्रयोगशाळेची चिठ्ठ्यांची यादी थोडी वेगळी निघते. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्याच चिठ्ठ्या सांडून हिशेब चुकतो. काही चिठ्ठ्या साध्या दाहानेसुद्धा वाढतात. आणि गाठ ती केवढी? सुरुवातीला तुरीच्या दाण्याएवढी. तिचा आवाज सबंध शरीराच्या रक्तात किती ऐकू येणार? त्यामुळे नुसत्या रक्तातल्या आर.एन.ए.वरून डोळ्याच्या कर्करोगाचे निदान करण्याची पद्धत इस्पितळांत अद्याप रूढ झालेली नाही. वर्तमानपत्रांत ‘रक्ताच्या एका थेंबात कर्करोग ओळखणार’ असे मथळे येतात. ते वाचताना स्ट्रासबर्गच्या शोधाला किती वर्षे वाट पाहावी लागली, हे मी मनाशी मोजतो. शोध खरा असतो. मथळा घाई करतो.

एक घोटाळा मात्र टाळला पाहिजे. रक्ताची एक तपासणी आजही खरोखर होते, पण ती दप्तराची, उताऱ्याची नव्हे. १९७१ साली आल्फ्रेड नुडसन यांनी अठ्ठेचाळीस रोगी मुलांच्या नोंदी पाहून असा सिद्धान्त मांडला, की एका पेशीत दोन नोंदी बिघडल्या तर ही गाठ होते, आणि काही मुले एक बिघडलेली नोंद जन्मतःच घेऊन येतात. ती नोंद १९८६ साली हाती लागली. दृष्टिपटलाच्या कर्करोगाची सुमारे चाळीस टक्के मुले या जातीची असतात. त्यांच्या भावंडांचे रक्त तपासून कोणाला धोका आहे हे सांगता येते. तसेच २०१७ साली लॉस एंजलिसच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या पुढच्या भागातल्या पाण्याचे थोडे थेंब घेऊन त्यात गाठीचा डी.एन.ए. मिळतो, असे दाखवले. गाठीला न टोचता तिची खबर काढण्याची ही वाट, मला वाटते, रक्तापेक्षा आधी गाव गाठेल. पाण्याचा तो साठा गाठीच्या उंबरठ्यावरच आहे.

तोवर मुलांचे काय? संपन्न देशांत आज या रोगातून शंभरातली पंच्याण्णवांहून अधिक मुले वाचतात. हिर्शबर्गच्या पाचांशी तुलना करा! २०२० साली १५३ देशांतल्या ४३५१ मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. श्रीमंत देशांत रोग ओळखला गेला, तेव्हा मुलांचे मध्यम वय चौदा महिने होते. अगदी गरीब देशांत साडेतीस महिने. श्रीमंत देशांत ओळखण्याच्या वेळी गाठ डोळ्याबाहेर गेलेली मुले शंभरात दोनही नव्हती. गरीब देशांत जवळजवळ निम्मी होती. मधले सोळा महिने हाच सगळा फरक.

त्या पाहणीतल्या बहुतेक मुलांत पहिली खूण एकच होती: बाहुलीत दिसणारी पांढरी चमक. अंधारात मांजराचा डोळा चमकतो तशी ती दिसते. दिवेलागणीला मूल एका विशिष्ट बाजूने पाहते तेव्हा ती आईला दिसते आणि पुढच्या क्षणी दिसत नाही. मग घरातले म्हणतात, तुला भास झाला. फोटोत एक डोळा तांबडा आणि दुसरा पांढरा उमटला तरी तीच शंका घ्यावी. काही मुलांत डोळा नुकताच तिरळा होऊ लागतो. अशी प्रत्येक चमक कर्करोगाची नसते. जन्मतः मोतीबिंदू असला तरी बाहुली पांढरी दिसते, आणि त्यालाही लवकर उपचार लागतो. अंगणवाडीच्या बाईंना किंवा पहिलीच्या गुरुजींना असे काही दिसले, तर त्या मुलाला गावातल्या डोळ्याच्या थेंबांवर न ठेवता, त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे आणि बाहुली औषधाने मोठी करून दोन्ही डोळे आतून पाहायला सांगावे. ही तपासणी ज्या यंत्राने होते, ते हेल्महोल्ट्झच्या १८५१ सालच्या आरशाचेच वंशज आहे आणि तालुक्याच्या नेत्रतज्ज्ञाच्या टेबलावरही ते असते.